बाजारवाटेच्या वेळेची मोजणी

शेतमालाचें मोल निम्में शेतांत ठरतें आणि निम्में वाटेंत, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. ज्वारी-बाजरीचें पोतें चार दिवस उशिरां मोंढ्यावर पोंचलें तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, फुलें व दूध या मालास घटका-घटकेचा हिशेब लागू असतो. लिलाव चालू असतांना माल पोंचला तर चार गिऱ्हाइकें बोली बोलतात. लिलाव उठल्यावर पोंचला तर जो पहिला भेटेल त्याच्या भावानें तो द्यावा लागतो.

मी महसूल खात्यांतून निवृत्त झालेला कारकून असून छत्रपति संभाजीनगर शहरांत औरंगपुऱ्यास राहतों. आमची थोडी जमीन बिडकीनच्या बाजूस आहे. ती माझा पुतण्या करितो. गतवर्षीं श्रावणांत एके दिवशीं तो मेथी व कोथिंबीर पिकअप गाडींत भरून जाधववाडीच्या बाजारास निघाला. नेहमीं तासाभरांत होणारी वाट त्या दिवशीं दीड तासाची झाली. लिलाव आटोपला होता, आणि माल निम्म्या भावानें द्यावा लागला. दुपारीं तो माझ्याकडे आला तेव्हां मीं त्यास इतकेंच विचारलें, “वेळ कोठें गेला?” तो म्हणाला, “काका, रस्त्याला गर्दी होती.” “कोणत्या ठिकाणीं? किती मिनिटें?” यावर त्याजवळ उत्तर नव्हतें. ड्रायव्हर शहरांतील सिग्नलांस दोष देत होता, पुतण्या रस्त्याच्या कामास, आणि घरचीं माणसें ड्रायव्हरास.

ज्या हानीची जागा व परिमाण सांगतां येत नाहीं, तिच्यावर उपायही करितां येत नाहीं. म्हणून पुढें सहा आठवडे आम्हीं प्रत्येक फेरीची नोंद ठेविली. ती कशी ठेविली व तींतून काय निघालें, तें वाचकांपुढें मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

यंत्राचें स्वरूप

जी. पी. एस. हें नांव आतां खेड्यांतही नवें राहिलेलें नाहीं. भूमि अभिलेख खात्याचे मोजणीदार हल्लीं जें ‘रोव्हर’ नांवाचें यंत्र काठीवर लावून बांधावर उभें करितात, तें उपग्रहांच्याच आधारें चालतें. अमेरिकेनें उभारलेल्या जी. पी. एस. योजनेंत किमान २४ उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. प्रत्येकावर अणुघड्याळ असून, ‘मी अमुक ठिकाणीं आहें व आतां अमुक वेळ झाली आहे’ असा संदेश तो अखंड पाठवीत असतो. हा संदेश सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर या प्रकाशाच्या गतीनें येतो. तो निघाल्यापासून पोंचेपर्यंत किती वेळ गेला यावरून त्या उपग्रहाचें अंतर निघतें. मोजणीदार जसा दोन-तीन कायम खुणांपासून साखळी टाकून हद्दीचा दगड शोधून काढतो, तशीच तीन उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा निघते. चौथा उपग्रह आपल्या फोनच्या साध्या घड्याळाची चूक काढण्यासाठीं लागतो. कारण या हिशेबांत सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरनें चुकतें.

ही योजना १९९५ सालीं पूर्णत्वास आली. आरंभीं नागरी उपयोगाच्या संदेशांत अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे, आणि जागा १०० मीटरपर्यंत हुकत असे. मे २००० मध्यें ही मिसळ बंद झाली. आतां उघड्या आकाशाखालीं साध्या मोबाइल फोनची चूक सुमारें ५ मीटर असते. आपल्या देशानेंही ‘नाविक’ नांवाची स्वतंत्र योजना उभारली असून तींतील पहिला उपग्रह इस्रो या संस्थेनें १ जुलै २०१३ रोजीं सोडला.

पांच मीटरची चूक शेताच्या बांधासाठीं फार झाली. तेवढ्यावरून भाऊबंदकी लागेल. परंतु ताशीं ३० किलोमीटर वेगानें चालणारी गाडी पांच मीटर अंतर एका सेकंदाच्या आंतच तोडते. म्हणून बांधासाठीं जो फोन निरुपयोगी, तो वाटेच्या वेळेची मोजणी करण्यास पुरेसा आहे. आणखी एक सोय अशी कीं, फोन उपग्रहाचा संदेश केवळ घेतो, उलट कांहीं पाठवीत नाहीं. त्यामुळें जेथें मोबाइलची रेंज नाहीं, अशा शिवारांतही नोंद चालू राहते.

पूर्वींची रीत

रस्त्यावरील वेळेची मोजणी उपग्रहांच्या पूर्वींही होत असे. गाडींत दोन इसम बसत. एक चालवी, दुसरा हातांत घड्याळ धरून ठराविक खुणा आल्या कीं वेळ टिपून ठेवी. चालविणाऱ्यास एक नियम असे: जितकीं वाहनें आपणांस मागें टाकतील, तितकींच आपण मागें टाकावीं, म्हणजे आपली गाडी रस्त्यावरील सर्वसाधारण गतीनें चालते. इंग्लंडांत वॉर्ड्रॉप व चार्ल्सवर्थ यांनीं १९५४ सालीं या रीतीस शास्त्रीय रूप देऊन, चालत्या गाडींतून समोरून येणारीं वाहनें मोजून रस्त्यावरील एकंदर वाहतूक व वेळ दोन्ही काढण्याचें गणित बसविलें. १९९८ सालीं अमेरिकेंतील लुइझियाना राज्यांत क्विरोगा व बुलक यांनीं घड्याळवाल्या इसमाच्या जागीं जी. पी. एस. बसवून रस्त्याच्या लहान लहान तुकड्यांचा वेळ काढण्याची पद्धति प्रसिद्ध केली.

आपल्याकडील रस्त्यांची गोष्ट निराळी आहे. बैलगाडी, ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकल व ट्रक हे सर्व एकाच रस्त्यानें, रांग न धरितां चालतात. रांगेंतील मोटारी मोजण्यासाठीं परदेशांत रस्त्याखालीं जीं यंत्रें पुरतात, तीं येथें उपयोगी पडत नाहींत. म्हणून चेन्नई येथील आय. आय. टी. च्या संशोधकांनीं बसगाड्यांवरील जी. पी. एस. च्या नोंदींवरून पुढील प्रवासाचा वेळ वर्तविण्याचे प्रयोग केले व ते २००९ सालीं प्रसिद्ध झाले. भारत सरकारनेंही १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांवर असें यंत्र बसविणें आवश्यक केलें आहे. तात्पर्य, जी रीत मोठ्या संस्था वापरितात तीच शेतकऱ्याच्या खिशांतील फोनवर करितां येते. वेगळा खर्च नाहीं.

वाटेचे टप्पे

प्रवासाची रेघ नोंदविणारें एखादें विनामूल्य ऍप फोनमध्यें घ्यावें. तें दर एक किंवा पांच सेकंदांनीं जागा, वेळ व वेग लिहून ठेवितें. फोन खिशांत न ठेवितां काचेजवळ आकाश दिसेल असा ठेवावा, निघण्यापूर्वीं दोन-तीन मिनिटें चालू करावा, आणि बॅटरी वांचविण्यासाठीं फोन मधूनच नोंद बंद करितो ती सोय त्या ऍपपुरती काढून टाकावी. गाडी चालवितांना फोनला हात लावूं नये.

नोंद घेतल्यावर वाटेचे टप्पे पाडावे. ‘बिडकीन ते जाधववाडी, एक तास दहा मिनिटें’ एवढी नोंद म्हणजे सर्व सर्वे नंबरांचा मिळून एकच उतारा होय; तीवरून कोणतें शेत पडीक आहे तें कळत नाहीं. आम्हीं पुढीलप्रमाणें टप्पे पाडले: शेत ते डांबरी रस्ता; तेथून चितेगांव; चितेगांव ते नक्षत्रवाडी; नक्षत्रवाडी ते महानुभाव आश्रम चौक; तेथून क्रांति चौक; क्रांति चौक ते सिडको बसस्थानक; तेथून बाजाराचें फाटक; आणि अखेरीस फाटक ते माल उतरविण्याची जागा. टप्प्याची खूण दरवेळीं तीच असावी, जसा मोजणींत दगड तोच असतो.

थांबा आणि उशीर

प्रत्येक टप्प्याच्या वेळेचे दोन भाग करावे. गाडीचा वेग ताशीं ५ किलोमीटरच्या खालीं असेल तो थांब्याचा वेळ, व बाकीचा चालण्याचा वेळ. यानंतर एकदां तरी रात्रीं दोन-तीन वाजतां, रस्ता मोकळा असतांना, त्याच गाडीनें व तितक्याच ओझ्यानें तीच वाट चालून पाहावी. हा त्या टप्प्याचा मोकळा वेळ समजावा. प्रत्यक्ष वेळेंतून मोकळा वेळ वजा केला कीं जो उरतो तो उशीर.

उदाहरणादाखल, एका टप्प्याचा मोकळा वेळ ६ मिनिटें आहे व प्रत्यक्षांत १४ मिनिटें लागलीं, असें समजूं. उशीर ८ मिनिटांचा झाला. त्यांतील ५ मिनिटें गाडी उभी होती, व ३ मिनिटें ती चालत असूनही मंद चालल्यामुळें गेलीं. या दोन रोगांचीं औषधें निराळीं आहेत. उभें राहणें हें बहुधा सिग्नल, रेल्वेचें फाटक किंवा चौकांतील कोंडी यांमुळें असतें. मंद चालणें हें खड्डे, कडेला उभीं केलेलीं वाहनें किंवा रस्त्यावर आलेल्या हातगाड्या यांमुळें. उशीर कोठें झाला तें जी. पी. एस. दाखवितें, कां झाला तें सांगत नाहीं. म्हणून शेजारीं बसलेल्या इसमानें कारण दोन शब्दांत वहींत टिपावें.

सरासरीचा सांपळा

येथें दोन चुका फार होतात, त्यांकडे लक्ष द्यावें.

पहिली चूक वेगाच्या सरासरीची. २४ किलोमीटर अंतर जातांना ताशीं ४० व येतांना ताशीं २० किलोमीटर वेगानें तोडलें, तर सरासरी वेग ३० झाला असें मन म्हणतें. हिशेब करूं. जाण्यास ३६ मिनिटें लागलीं व येण्यास ७२. एकूण ४८ किलोमीटर १०८ मिनिटांत झाले, म्हणजे ताशीं पुरे २७ किलोमीटरही नाहींत. मंद गतींत गाडी अधिक वेळ राहते, म्हणून मंद गतीचा भार अधिक पडतो. यास्तव वेगांची सरासरी न काढितां वेळांची बेरीज करावी.

दुसरी चूक अधिक महाग पडते. समजा, एका वाटेस दहा दिवसांत अनुक्रमें ५२, ५५, ५४, ५८, ५३, ६१, ५७, ८३, ५६ व ७१ मिनिटें लागलीं. हे आंकडे केवळ हिशेबासाठीं घेतले आहेत. बेरीज ६०० व सरासरी बरोबर ६० मिनिटें. आतां जो शेतकरी लिलावापूर्वीं साठ मिनिटें निघेल, तो दहांपैकीं तीन दिवस उशिरां पोंचेल. सात दिवस त्याचे कांहीं मिनिटें वांचतील, पण वांचलेल्या मिनिटांचा कोणी भाव देत नाहीं. आणि उशिराच्या तीन दिवशीं भाव पडेल. म्हणून आंकडे चढत्या क्रमानें मांडावे व वरून दुसरा आंकडा घ्यावा. येथें तो ७१ आहे. इतका वेळ हातीं ठेवून निघाल्यास दहांपैकीं नऊ दिवस माल वेळेवर पोंचतो. सरासरीवरून गाडीभाड्याचा व डिझेलचा हिशेब करावा. निघण्याची वेळ मात्र वाईट दिवसावरून ठरवावी.

पैसेवारी ठरवितांना आपण एका शेतावर विश्वासत नाहीं, निरनिराळ्या शेतांत पीककापणीचे प्रयोग करितों. तोच न्याय येथें आहे. एका दिवसाची नोंद हा पुरावा नव्हे. त्याचप्रमाणें वार निराळे धरावे: गुरुवारचा छावणीचा बाजार, रविवारचा जाफर गेटचा बाजार यांचे दिवस इतर दिवसांत मिसळूं नयेत. नाथषष्ठीस पैठणच्या वाटेवर जी गर्दी असते, तिची नोंद ठेवावी, पण ती नेहमींच्या हिशेबांत घेऊं नये. पावसाळा व उन्हाळा यांचेंही असेंच आहे. चाळीसगांवकडे माल नेणाऱ्यांस आठवत असेल कीं, ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस कन्नडच्या औट्रम घाटांत दरडी कोसळून वाट बंद पडली होती. असा दिवस कोणत्याही दहा दिवसांच्या नोंदींत सांपडत नाहीं. त्यासाठीं दुसरी वाट आधींच माहीत असावी लागते.

दुसऱ्या वाटेविषयींही एक शब्द. महानुभाव आश्रम चौकांतून शहरांतून जावें कीं बीड बायपासनें वळसा घ्यावा, हा आमच्या गाडीवाल्यांचा नित्याचा वाद आहे. याचा निकाल किलोमीटरांवर लागत नाहीं. तो घड्याळाच्या कोणत्या तासास तुम्ही त्या चौकांत आहां यावर लागतो. दोन्ही वाटांनीं त्याच तासास किमान पांच-पांच फेऱ्या नोंदवाव्या, म्हणजे वाद मिटतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग नागपूर ते शिर्डी ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला व ५ जून २०२५ रोजीं अखेरचा टप्पा उघडून पूर्ण झाला. दूर पल्ल्याच्या मालास त्याचा मोठा लाभ आहे. परंतु महामार्गावर तासांनीं मिळविलेला वेळ शहराच्या अखेरच्या पांच किलोमीटरांत हरवूं शकतो. मोजणीची खरी गरज त्या पांच किलोमीटरांत आहे.

नकाशावरील लाल रेघ

कोणी विचारील कीं, फोनमधील नकाशावर गर्दीचा रस्ता लाल दिसतोच, मग ही खटपट कशास? ती लाल रेघ कोठून येते तें समजून घ्यावें. रस्त्यानें चालणाऱ्या असंख्य लोकांचे फोन आपली जागा व वेग त्या कंपनीकडे पाठवीत असतात. पुष्कळ फोन मंद चालूं लागले कीं रस्ता लाल होतो. फेब्रुवारी २०२० मध्यें बर्लिन येथील सायमन वेकर्ट या कलावंतानें ९९ फोन एका हातगाडींत घालून ती रिकाम्या रस्त्यानें हळूहळू ओढून नेल्याचें दाखविलें. नकाशानें तो मोकळा रस्ता लाल करून टाकला. आपल्या पेठांतून हातगाड्यांस तोटा नाहीं! शिवाय पहाटे चार वाजतां आडवाटेवर फोनच थोडे असतात, त्यामुळें तेथील माहिती पातळ असते. तसेंच मोटारसायकल कोंडींतून जशी निसटते, तशी भरलेली पिकअप निसटत नाहीं. नकाशा पाहूं नये असें नाहीं. निघतांना अवश्य पाहावा. परंतु तो आजची हवा सांगतो, आपली वही हंगाम सांगते.

आपल्या यंत्रासही मर्यादा आहेत. मी औरंगपुऱ्यांतून गुलमंडीच्या बाजूस पायीं फिरून रेघ काढून पाहिली. उघड्या चौकांत ती सरळ आली; पण अरुंद बोळांत, दोहों बाजूंस उंच इमारती असल्यामुळें, संदेश भिंतींवर आपटून वळसा घेऊन येतात व अंतर लांबलेलें भासतें. माझी रेघ लोकांच्या घरांवरून उड्या मारीत गेलेली दिसली. म्हणून टप्प्याची खूण बोळांत न धरितां मोकळ्या चौकांत धरावी. तसेंच या नोंदींत आपलें घर, शेत व रोजची दिनचर्या दिसते. मूळ नोंद परक्यास देऊं नये, टप्प्यांचे आंकडे तेवढे द्यावे.

आमच्या नोंदींचा निकाल

आतां पुतण्याच्या गाडीचें काय झालें तें सांगतों. सहा आठवड्यांच्या नोंदी मीं जुन्या सवयीप्रमाणें रकाने आंखून मांडल्या. सिग्नलांवर वेळ जात होता, हें खरें. महानुभाव आश्रम चौकांतही जात होता. परंतु सर्वांत मोठा व सर्वांत लहरी आंकडा पहिल्याच रकान्यांत होता. गाडी शेतावर येऊन उभी राही, तेथून जुड्या बांधणें, पाणी मारणें, एक गोणी राहिली म्हणून परत जाणें, यांत कधीं पांच तर कधीं पंचवीस मिनिटें जात. ज्या दिवशीं शेतावर पंधरा मिनिटें गेलीं, त्या दिवशीं गाडी चौकांत गर्दीच्या तासास सांपडे, आणि ते पंधरा मिनिटांचें कर्ज व्याजासह तीस मिनिटांनीं फिटे. आम्ही दोष शहरास देत होतों. त्याचें मूळ आमच्या बांधावर होतें.

पुतण्यानें वही पाहिली, कांहीं वेळ गप्प बसला, आणि म्हणाला, “काका, हें यंत्र मालकाची भीड धरीत नाहीं.” आतां जुड्या आदल्या संध्याकाळींच बांधून ओल्या गोणपाटाखालीं ठेविल्या जातात व गाडी पहांटे वीस मिनिटें आधीं निघते. उशीर अजूनही होतो, पण क्वचित्. आणि झाला तर कोठें झाला तें सांगतां येतें.

सभासदांस सूचना

एकट्यानें ठेवलेली वही एका घराच्या उपयोगाची. परंतु एकाच वाटेनें बाजारास जाणाऱ्या आठ-दहा सभासदांनीं तेच टप्पे, तेच रकाने व तीच पद्धति धरून तीन महिने नोंद ठेविली, तर तो गांवचा दस्तऐवज होईल. वाहतूक पोलीस, महानगरपालिका वा बाजार समिति यांजकडे ‘रस्त्यावर फार कोंडी होते’ असा अर्ज केला, तर तो फायलींत पडून राहतो. मीं स्वतः असे किती अर्ज फायलींत लाविले असतील, त्याची गणती नाहीं. परंतु ‘अमुक चौकांत, पहांटे अमुक ते अमुक या वेळेंत, इतक्या फेऱ्यांपैकीं इतक्या फेऱ्यांस आठ मिनिटांहून अधिक थांबावें लागलें, तक्ता सोबत जोडला आहे,’ असा अर्ज आला म्हणजे कारकुनास त्यावर शेरा मारावाच लागतो. सिग्नलची वेळ बदलणें, कडेचीं वाहनें हलविणें, फाटकाजवळ दुसरी रांग लावणें हे उपाय मोठ्या खर्चाचे नाहींत. त्यांस पुरावा मात्र लागतो.

वहीचे रकाने पुढीलप्रमाणें आंखावे: तारीख व वार; हवा; मालाचा प्रकार व वजन; शेतावर गाडी आल्याची वेळ; शेतावरून निघाल्याची वेळ; प्रत्येक टप्प्याची वेळ; त्यांतील थांबा; कारण; लिलावांत मिळालेला भाव. अखेरचा रकाना विसरूं नये. मिनिटांच्या शेजारीं रुपये लिहिले म्हणजे वेळेचें मोल कोणास समजावून सांगावें लागत नाहीं.